डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचतंय, इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलायला सांगितलंय. खरंच बोर्ड गेला असेल का?

शहापूर_स्वयंपाकघर

नमस्कार. मशीन १३ सेटचं, समोरून दार उघडणारं, चार वर्षं वापरात आहे. गेले दहा दिवस एकच तक्रार. पाणी घेतं, सात-आठ मिनिटं धुतं, मग नुसतंच घूं घूं करत राहतं आणि पाणी बाहेर गेलं नसल्याचा कोड दाखवून थांबतं. दार उघडावं तर तळाशी तीन बोटं पाणी, वर तेलाचा तवंग. रद्द करून परत चालू केलं की थोडं पाणी जातं, एखाद्या वेळी पूर्ण धुऊनही होतं, पण भांड्यांना कुबट वास राहतो.

जाळी काढून ब्रशने धुतली. मागची नळी कुठे दुमडलेली नाही. नळी सिंकखालच्या जोडाला लावलेली आहे (सिंक मागच्या महिन्यात नवीन बसवलं). घर दुसऱ्या मजल्यावर, टाकी बरोबर वर गच्चीवर. टाकीत नळाचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात त्यातच बोअरचं सोडतो. बघायला आलेल्या मेकॅनिकने दार उघडून, कोड बघून बोर्ड बदला म्हणून सांगितलं, १४ हजार खर्च.

दुसरी गोष्ट, काचेचे ग्लास हल्ली पांढुरके निघतात. याचा त्याच्याशी संबंध आहे का?

घरात मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासू, सांगा की.

पाना_पक्कड_अनगोळ

ताई, बोर्डाचे पैसे आत्ता देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या घूं घूं आवाजातच बरंचसं उत्तर आहे. बोर्डाने पंपाला वीज दिली नसती तर पंप गप्प राहिला असता. आवाज येतोय म्हणजे वीज पोचतेय, फक्त पाणी सरकत नाही. ते का सरकत नाही एवढंच शोधायचं.

पाणी बाहेर जायची वाट अशी असते: जाळी, तिच्या खालचा खड्डा, ड्रेन पंप, पाणी उलटं येऊ न देणारी झडप, करडी नळी, आणि शेवटी सिंकखालचा जोड. एकेक खोलत बसण्यापेक्षा वाट मधे तोडून बघितली की निम्म्या जागा एका दमात बाद होतात. म्हणून सुरुवात मशीनमधून नको, सिंकपासून करा. मशीन ओढून बाहेर काढायचीही घाई नको.

सिंकखाली नळीची क्लिप सैल करून नळी काढा. खाली बादली ठेवा, नळीत अर्धा लिटर तरी घाण पाणी असतं. मग नळीचं तोंड बादलीत धरा, पण बादली जमिनीवर ठेवू नका. स्टुलावर, साधारण ६० सेंमी उंचीवर ठेवा. जमिनीवर ठेवली तर उताराने पाणी आपोआप ओढलं जातं आणि अशक्त पंपही चांगला वाटतो. तळाशी तीन लिटर पाणी असू दे, कमी असेल तर मगाने ओता. दार लावा आणि रद्द करायचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. बहुतेक मशीन त्यानंतर फक्त पाणी काढतात. तीन लिटर पाणी मिनिटाच्या आत जोरात बादलीत पडायला पाहिजे.

जोरात पडलं तर मशीन ठणठणीत आहे आणि दोष सिंकखाली आहे. माझा पहिला संशय तिथेच, कारण तुम्ही नवीन सिंकचं लिहिलंय. नवीन बॉटल ट्रॅपला (सिंकखालच्या बाटलीसारख्या जोडाला) डिशवॉशरची नळी लावायला जी आडवी नोझल असते, ती कारखान्यातून आतून बंद येते. तोंडाशी प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो पूर्ण कापून काढायचा असतो. घाईत काम उरकणारा प्लंबर त्याला स्क्रू ड्रायव्हरने एक भोक पाडतो. सुरुवातीला पाणी कसंबसं जातं, मग त्या भोकाच्या कडेला तेल आणि भाताचं पीठ धरायला लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत वाट बंद होते. तुमचा महिन्याचा आणि दहा दिवसांचा हिशेब याच्याशी जुळतो. नोझलमध्ये पेन्सिल घालून बघा. ती अडखळली तर पडदा आहे. कटरने कडेकडेने कापा, तुकडा ट्रॅपमध्ये पडू देऊ नका. ट्रॅपची खालची वाटी आधी काढून ठेवली तर बरं.

नोझल मोकळी असेल आणि बादलीत पाणी रडतखडत येत असेल, तर आता मशीनमध्ये शिरा. प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपा आणि हातात रबरी मोजे घाला, खड्ड्यात काच असू शकते. जाळी काढली की खड्ड्याच्या एका बाजूला ड्रेन पंपाचं छोटं प्लास्टिक झाकण दिसतं. काही मॉडेलात ते एका स्क्रूने बसवलेलं असतं, काहींत नुसत्या खटक्यावर. चमच्याच्या दांड्याने कडेला उचकटलं की वर येतं. आत पंपाचा छोटा पंखा आहे, त्याला इम्पेलर म्हणतात. टॉर्च लावून बघा. काचेचा तुकडा, लवंग, चिंचोका, लिंबाची बी, टूथपिक, कढीपत्त्याचा देठ, यातलं काहीतरी पात्यात अडकलेलं असतं.

इम्पेलर बोटाने फिरवून बघा. तो गुळगुळीत फिरत नाही, टक-टक करत झटक्याझटक्याने फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तसंच व्हायला पाहिजे, बिघाड समजू नका. अजिबात फिरत नसेल, किंवा काहीच अडथळा न लागता भिरभिरत असेल, तर मात्र पंप गेला.

झाकण परत लावताना खटका वाजला पाहिजे. ते वर उचललेलं राहिलं तर पंप पाणी बाहेर फेकण्याऐवजी जागच्या जागी घुसळत बसतो आणि तोच कोड परत येतो. दुरुस्तीनंतर कोड गेला नाही म्हणून बोर्डावर आळ येतो तो बरेचदा या झाकणामुळे.

नळी परत लावताना सिंकच्या तळाएवढी उंच कमान करून मग खाली आणा. सर्वसाधारण मर्यादा जमिनीपासून ४० सेंमी ते १ मीटर. सरळ खाली सोडली तर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये येतं, आणि तोंड फारच खाली असेल तर घेतलेलं पाणी आपोआप वाहून जातं. मशीन मग भरत राहतं आणि तापत नाही.

कोडचं म्हणाल तर, बॉश आणि सीमेन्समध्ये ई२४, ई२५ हे पाणी न जाण्याचे, एलजीत ओई, सॅमसंगमध्ये ५सी. यातला एकही कोड बोर्ड खराब आहे असं सांगत नाही. पाणी ठरलेल्या वेळेत उतरलं नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं.

चुटकी_उपाय

एवढं कशाला? मोरी साफ करायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा तळाशी ओता, अर्ध्या तासाने गरम पाणी. सगळं जळून जातं.

पाना_पक्कड_अनगोळ

कृपा करून हे करू नका. मोरीच्या ॲसिडने स्टीलच्या टबाला खड्डे पडतात आणि पंपाचं रबरी सील खराब होतं. कॉस्टिकने पाणी तापून उसळतं, आणि तुंबलेल्या मशीनमध्ये ते बाहेर जायला वाटच नसते. मग पुढे खड्ड्यात हात घालणाऱ्याचा हात भाजतो. काच आणि प्लास्टिकचा पडदा तर ॲसिडने किंवा सोड्याने जातही नाही.

वायंडिंग_उद्यमबाग

वरच्यांनी यंत्राचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. पंप मोकळा आहे, नळी मोकळी आहे, तरी पाणी जात नाही, तेव्हाच हे करा.

प्लग काढून पाच मिनिटं थांबा. पंप मशीनच्या तळाला असतो, काहींत उजव्या बाजूचा पत्रा काढला की दिसतो, काहींत मशीन पाठीवर झोपवावं लागतं. वजन ४५ ते ५० किलो असतं, दोन माणसं पाहिजेत. पंपाची दोन वायरींची पिन काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून पंपाच्या दोन टोकांवर लावा. ३० वॅटच्या साध्या २३० व्होल्ट पंपाला साधारण १३० ते २२० ओहम यायला पाहिजेत. काहीच रीडिंग नाही म्हणजे कॉइल तुटली. फारच कमी आलं म्हणजे कॉइल आतून जळली. तीन वायरींचा पंप असेल तर तो वेगळ्या जातीचा, त्याला हे माप लावू नका. पिनेवर हिरवट गंज आहे का तेही बघा. तो खरवडून पिन परत घट्ट बसवली की निम्म्या तक्रारी मिटतात.

ओहम बरोबर, पंखा मोकळा, पिन स्वच्छ, आणि तरीही पाणी काढायच्या वेळी पिनेवर वीज येत नाही, हे चारही जुळलं तरच बोर्डाचं नाव घ्यायचं. चालू मशीनवर २३० व्होल्ट मोजायचं काम घरी करू नका, ते वायरमनकडून करून घ्या. ओल्या पत्र्याजवळ हात घालून मोजण्यात जिवाचा धोका आहे. आणि त्या वेळीही बोर्ड लगेच टाकायचा नसतो. पंपाला वीज सोडणारा ट्रायॅक (बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा सुटलेलं सोल्डर, बहुतेक वेळा एवढाच दोष असतो. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्याचाही हिशेब लक्षात असू द्या. हीटर साधारण २००० वॅटचा, म्हणजे २६-२७ ओहमचा. १८० व्होल्टला तो २००० वॅट देत नाही, जेमतेम १२२५ देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. चार लिटर पाणी ३० वरून ६५ अंशाला न्यायला पूर्ण व्होल्टेजवर पाच मिनिटं लागतात, तिथे आठ मिनिटं लागतात, भांडी तापायचा वेळ वेगळा. मशीनची ठरलेली वेळ संपली की ते तापमानाचा कोड दाखवतं, आणि लोक हीटर बदलत बसतात. दुपारी एकदा लावून बघा. दुपारी कोड येत नसेल तर हीटर चांगला आहे. १६ अँपिअरचं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग पाहिजेच. एक्स्टेंशन बोर्डवर डिशवॉशर कधीही चालवू नका. स्टॅबिलायझर लावणार असाल तर ३ केव्हीएच्या खाली घेऊ नका.

खानापूर_जांबोटी_रोड

एक गोष्ट राहिली, खालचा ट्रे. टबाच्या खाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा उथळ ट्रे असतो. त्यात थर्माकोलचा एक तुकडा तरंगायला ठेवलेला असतो आणि त्याच्यावर स्विच. कुठूनही गळून ट्रेमध्ये पाणी जमलं की थर्माकोल उचलतो, स्विच दबतो, आणि मशीन पाणी घेणं बंद करून पंप सतत चालवत राहतं. काही मशीन तर बटण बंद केल्यावरही घरघरत राहतात. ताईंच्या मशीनची ही लक्षणं नाहीत, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल.

अशा वेळी प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, पुढची खालची पट्टी दोन स्क्रू काढून उघडा आणि ट्रे स्पंजने पूर्ण कोरडा करा. मशीन मागे कलवून पाणी काढायची युक्ती सगळीकडे सांगतात. त्याने कोड जातो, पण गळती तशीच राहते आणि आठवड्याने परत तेच. ट्रे कोरडा केल्यावर खाली वर्तमानपत्र पसरून एकदा मशीन चालवा आणि पहिला थेंब कुठे पडतो ते टॉर्चने बघा. खड्डा आणि पंप यांच्या जोडातली ओ-रिंग, दाराचं खालचं रबर, आणि नळ्या, ही नेहमीची ठिकाणं. ओ-रिंग बेळगावात उद्यमबागेत सीलच्या दुकानात जुनी दाखवून मापाची मिळते. गरम पाणी सोसणारी ईपीडीएम रबराची मागा.

गळती नसतानाही ट्रे भरतो, त्याचं कारण फेस. हाताने भांडी घासायचं लिक्विड मशीनमध्ये चमचाभर जरी घातलं तरी फेस दारातून आणि हवेच्या वाटेने खाली उतरतो. फेस झालाच तर त्यावर मूठभर मीठ टाका, बसतो, मग पाणी काढा.

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात उंदीर आणि पाली उबेला मशीनखाली शिरतात. उंदीर करडी नळी कुरतडतो. पाल बोर्डावर मेली तर बोर्ड खरंच जळतो. कपाटातून नळ्या जायचं भोक तारेच्या जाळीने बुजवून घ्या. आणि एक धोक्याची सूचना: पाणी येणाऱ्या नळीच्या टोकाला चौकोनी जाड डबी असेल तर त्यात विजेवर चालणारी झडप असते. ती नळी कापून जोडू नका, डबी पाण्यात बुडवू नका.

शहापूर_स्वयंपाकघर

सगळ्यांचे आभार. आज सकाळी क्रमाने केलं.

बादली स्टुलावर ठेवून बघितली. तीन लिटर पाणी ४० सेकंदांत गेलं, धार चांगली होती. नोझलमध्ये पेन्सिल अर्धा इंच जाऊन थांबली. ट्रॅप खोलून उजेडात धरला तर पडद्याला मधोमध मुगाच्या दाण्याएवढं एकच भोक, आणि त्याच्या कडेला मेणासारखा पिवळट थर, मधे मोहरीचे दाणे रुतलेले. पडदा पूर्ण कापला. तरीही पंपाचं झाकण उघडून बघितलं. खड्ड्यात नखाएवढा काचेचा तुकडा होता, तो अजून पात्यात गेलेला नव्हता, काढून टाकला. झाकण खटका वाजेपर्यंत बसवलं. नळीला कमान केली.

दोन वेळा पूर्ण धुऊन झालं, कोड नाही, तळ कोरडा. आता फक्त ग्लासांचं राहिलं. मिठाचा डबा अर्धा भरलेला आहे, तरी पांढरे का?

क्षार_आणि_साबण

आधी ते पांढरं कशाचं आहे ते ठरवा. एका ग्लासला पांढऱ्या व्हिनेगरचा कापूस पाच मिनिटं लावून ठेवा. पुसल्यावर काच स्वच्छ झाली तर तो पाण्यातला क्षार. नुसत्या ओल्या फडक्याने जात असेल आणि जिभेला खारट लागत असेल तर मिठाच्या डब्याचं झाकण सैल आहे. दोन्हीने जात नसेल, काच धुरकट आणि किंचित इंद्रधनुषी दिसत असेल, तर काचच झिजली आहे, ती परत येत नाही. अगदी मऊ पाणी, जास्त पावडर आणि जास्त तापमान यांनी तसं होतं.

तुमचं बहुतेक पहिलं असणार. बेळगावला येणारं राकसकोपचं किंवा हिडकलचं धरणाचं पाणी मऊ असतं, बोअरचं जड. तुम्ही एकाच टाकीत दोन्ही सोडता, म्हणजे पाण्याचा जडपणा महिन्यागणिक बदलतो, पण मशीनचं सेटिंग बसवताना ठेवलं तेच राहतं. मशीनमध्ये राळेचे बारीक मणी असलेला एक डबा असतो. तो पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. मणी भरले की मशीन मिठाच्या पाण्याने ते धुऊन काढतं. किती वेळाने धुवायचे, ते तुमच्या सेटिंगवरून ठरतं. सेटिंग कमी असेल तर डब्यात मीठ असूनही मणी वेळेवर धुतले जात नाहीत.

जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो सगळे क्षार एकत्र मोजतो. पट्टीवर आकडा लिटरला मिलिग्रॅममध्ये आला तर १७.८ ने भागा, म्हणजे मशीनच्या पुस्तकातली जर्मन डिग्री मिळते. समजा ४५० आला, तर साधारण २५ डिग्री. पुस्तकातल्या तक्त्यात २५ ज्या टप्प्यात येते तो क्रमांक लावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तेव्हा पिण्यालायक बोअरच्या पाण्यानेही ग्लास पांढरे होऊ शकतात. बोअर सुरू केलं की सेटिंग वाढवायचं, पावसाळ्यात नळाच्या पाण्यावर आलात की उतरवायचं.

मीठ डिशवॉशरचंच जाड दाण्याचं घाला. आयोडीनचं बारीक मीठ नको. त्यात गुठळ्या न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात आणि बारीक दाणे चिखलासारखे बसतात. मीठ भरताना सांडलं तर लगेच मशीन चालवा, नाहीतर स्टीलला गंजाचे ठिपके पडतात.

आता साचलेला थर. भांडी आणि पावडर न घालता, रिकाम्या मशीनच्या तळाला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व टाका आणि ६५ किंवा ७० अंशाचा प्रोग्रॅम लावा. ते मिठाच्या डब्यात घालू नका. ब्लीच असलेल्या कुठल्याही क्लीनरबरोबरही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. त्याआधी दोन्ही फवारे काढून भोकं टूथपिकने मोकळी करा. फवारा कानाजवळ हलवून बघा, आत मोहरी-जिरं असेल तर खुळखुळा वाजतो.

शहापूर_स्वयंपाकघर

फवाऱ्यात खुळखुळतंय, होय की! वरच्याच्या टोकाला तीन भोकं बंद होती. व्हिनेगरने काच साफ झाली, म्हणजे क्षारच. शेवटचं एक विचारते. लिंबूसत्त्व किती दिवसांनी टाकायचं? आणि तेलाचा थर परत ट्रॅपमध्ये बसू नये म्हणून काही करता येईल का?

क्षार_आणि_साबण

बोअरचं पाणी चालू असेल तोवर दोन महिन्यांनी एकदा, नळाच्या पाण्यावर चार-सहा महिन्यांनी. त्यापेक्षा जास्त नको, रबराला बरं नाही.

तेलासाठी, रस्स्याची कढई आणि तुपाचं भांडं आधी कागदाने पुसून घ्या, धुऊ नका. नेहमी ४५-५० अंशावर चालवत असाल तर आठवड्यातून एकदा ७० अंशावर लावा, म्हणजे नळीत बसलेलं तेल वितळून पुढे जातं. भाकरीच्या पिठाची परात आणि दुधाची करपलेली कढई मात्र पाण्यात भिजवून मगच आत ठेवा, वाळलेलं पीठ जाळीवर चिकटपट्टीसारखं बसतं. पितळ, कल्हईचं आणि बिडाचा तवा आत नको.

पाना_पक्कड_अनगोळ

ताई, ट्रॅपची वाटी महिन्यातून एकदा हाताने फिरवून काढा आणि कढत पाण्याने धुवा, पाच मिनिटांचं काम आहे. परत बसवताना आतलं रबरी वॉशर उलटं लागलं तर थेंब थेंब गळतं. त्याची निमुळती बाजू जोडाच्या आत जाईल असं बसवा आणि नट हातानेच आवळा. पान्याने आवळला तर प्लास्टिकचे आटे जातात.